वरची ओळ हौसाआजीची

माझं डोकं तापायला फार वेळ लागत नाही, हे आमच्या मोमीनपाड्यात सगळ्यांना ठाऊक आहे. अम्मी म्हणते, तूबाच्या घरात चहाला वेगळा गॅस नको. त्यामुळे त्या सोमवारी दुपारी, टपाल नाक्याजवळच्या बँडच्या दुकानात, सहा वाजंत्र्यांच्या देखत मी काशिराममास्तरांवर ओरडले याचं कुणाला नवल वाटायचं कारण नव्हतं. नवल पुढे झालं. चूक माझीच निघाली.

पण आधी हौसाआजीचं सांगायला हवं, नाहीतर माझं ओरडणं तुम्हाला नुसतं ओरडणं वाटेल.

हौसाआजी ही माझ्या मैत्रिणीची, मालूची आजी. शिरढोणच्या बाजूला त्यांचं गाव. मालू आणि मी पनवेलच्या कॉलेजात एका बाकावर बसायचो, तेव्हापासून मी त्या घरात जाते. त्यांच्या आगरी लग्नात धवलारीण लागतेच. मांडवाचा खांब रोवण्यापासून ते नवरी सासरी निघेपर्यंत प्रत्येक विधीचं आपलं गाणं असतं, त्याला धवला म्हणतात, आणि ते गाणारी ती धवलारीण. हौसाआजीने चाळीस वर्षं त्या पट्ट्यातली लग्नं गाऊन लावली. बरोबर कायम गोदूआजी. हौसाआजी ओळ उचलायची आणि गोदूआजी झील धरायची. झील म्हणजे नुसतं मागून म्हणणं नव्हे बरं का. हौसाआजीच्या ओळीचा शेवटचा शब्द अजून तिच्या तोंडात आहे, तोवर गोदूआजीने ओळ धरलेली असायची. मग गोदूआजी संपत आली की हौसाआजीची पुढची ओळ तिच्यावर येऊन बसायची. मध्ये श्वासाइतकीही फट नाही. दोन बायका गातात की चार, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला कळायचं नाही.

दिवाळीत हौसाआजीच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. गाठ गेली, जीव वाचला आणि आवाज गेला. उरली ती कुजबुज. आणि मे महिन्यात मालूचं लग्न ठरलेलं! जिने गावोगावच्या पोरी गाऊन सासरी पाठवल्या, तिची स्वतःची नात मुक्या मांडवातून जाणार, हे म्हातारीने फार मनाला लावून घेतलं. दुसरी धवलारीण बोलवू म्हटलं की तोंड भिंतीकडे. गोदूआजीला म्हटलं, तूच गा, तर ती म्हणाली, "मना झीलच येते गो. हौसानं उचलल्याबिगर माजं तोंडच उघरत नाय." तीही खोटं बोलत नव्हती. चाळीस वर्षांत तिने एकही ओळ आपणहून सुरू केलेली नव्हती.

मालूचा भाऊ हरेश याच्या मोबाइलमध्ये तीन वर्षांपूर्वीच्या एका लग्नातलं दोघींचं गाणं होतं. तो म्हणाला, हेच स्पीकरवर लावू. हौसाआजीने त्याला जवळ बोलावलं आणि कानात कुजबुजली, ते आम्हा सगळ्यांना ऐकू आलं. "मी काय मेली का, माजा आवाज पेटीतून लावताव? आन हलद लागंस्तवर तुजा मोबाइल थांबल का?"

हा मुद्दा बिनतोड होता. विधी कधी पाच मिनिटांत उरकतो, कधी करवलीच सापडत नाही म्हणून पंधरा मिनिटं लागतात. धवलारीण तेवढा वेळ धवला लांबवते. मोबाइलला ते कुठून कळणार?

आणि तिथेच, हौसाआजीच्या पडवीत बसल्याबसल्या, माझ्या डोक्यात ती कल्पना आली. मी उडालेच. अक्षरशः उडाले, मालूच्या हातातला सरबताचा पेला पडला. हौसाआजीची ओळ क्लॅरिनेटवर वाजवायची! दुसऱ्या क्लॅरिनेटने झील धरायची! वरातीसाठी काशिराममास्तरांचा बँड ठरलेलाच होता. मास्तर पोलिस बँडमधून निवृत्त झालेले. पाच रेघांवर लिहिलेलं संगीत ते वर्तमानपत्रासारखं वाचतात आणि आपल्या पोरांनाही त्यांनी ते शिकवलं आहे. आणि पाच रेघांवर लिहिणं हे तर माझं रोजचं काम. नवीन पनवेलमध्ये मी कीबोर्डचे क्लास घेते, मुलांना परीक्षांना बसवते, त्यांचे धडे कॉम्प्युटरवर मीच लिहिते. हौसाआजी म्हणाली, बगू. तिच्या तोंडून एवढं निघालं हेच पुष्कळ होतं.

पुढचे आठ दिवस मी भुतासारखी वावरले. कानात सतत ते रेकॉर्डिंग. धवल्याची चाल बहुतेक एकच, विधीप्रमाणे शब्द बदलतात; पण ठेका नाही, टाळी नाही. सूर कधी लांबतो, कधी तुटक येतो. "पयला मान गो मांडवाच्या खांबाला" एवढीच ओळ, पण 'खांबाला'मधला 'बा' ती जिथे नेऊन सोडते ती जागा लिहिताना मी दोनदा रडले आणि अब्बांवर एकदा ओरडले. ठेकाच नसल्यामुळे एक, दोन, तीन मोजून आत शिरायची सोय नव्हती. झील धरणाऱ्याला समोर हौसाआजीची ओळ दिसायलाच हवी. म्हणून मी दोघींच्या ओळी एकाच पानावर मांडल्या. वर हौसाआजीच्या पाच रेघा, खाली गोदूआजीच्या पाच रेघा. वरचा शेवटचा शब्द जिथे, बरोबर त्याच्या खाली गोदूआजीची सुरुवात. मग त्या जोडीखाली पुढची जोडी. असं पाच जोड्यांचं पान.

आता अतिशहाणपणा ऐका. वरच्या रेघांखाली मी शब्द लिहिले होते. आपल्या अक्षरांना खाली उकार, वर वेलांट्या. ते उकार खालच्या रेघांवरच्या सुरांत जाऊन अडकायला लागले. म्हणून मी जोडीतल्या दोन ओळींमधलं अंतर वाढवलं. सॉफ्टवेअरमध्ये त्याचा आकडा असतो, तो साडेसहाचा नऊ केला. शब्द सुटे झाले, पण पाचवी जोडी पानाबाहेर गेली. मला तर सगळं एका पानात हवं होतं. मग मी एका जोडीपासून दुसऱ्या जोडीपर्यंतचं अंतर कमी करत आणलं. बारा, अकरा, दहा, नऊ. बसलं! पान काय देखणं दिसत होतं म्हणून सांगू. दहा ओळी, सगळ्या सारख्या अंतरावर, कुठे इकडची तिकडे नाही. मी त्या पानाचा फोटो काढून मालूला पाठवला. माझा भाऊ अझहर याच्या झेरॉक्सच्या दुकानातून जाड कागदावर प्रती काढून घेतल्या आणि शनिवारी बँडच्या दुकानात ठेवून आले. मास्तर नव्हते. समजावून सांगायला थांबायची गरज मला वाटली नाही. पोलिस बँडमधल्या माणसाला मी काय सांगायचं?

सोमवारी चार वाजता सगळे जमले. लग्न मंगळवारी सकाळी. मालू हळदीच्या आधी घरातून निसटून आलेली. हौसाआजी आणि गोदूआजी रिक्षाने आल्या, खुर्च्यांवर बसल्या. मास्तरांनी क्लॅरिनेट उचलला, शेजारी भगवानने दुसरा उचलला. भगवान म्हणजे मास्तरांचा सगळ्यात पक्का वाजवणारा. 

पहिली ओळ दोघांनी मिळून वाजवली.

मला वाटलं, चुकून झालं. मग दोघे थांबले, दोघांनी श्वास घेतला आणि दोघांनी मिळून गोदूआजीची ओळ वाजवली. परत थांबले. परत श्वास. तिसरी ओळ. शाळेत बाई म्हणतात आणि मग पोरं म्हणतात तसं चाललं होतं, फक्त इथे बाईही तेच आणि पोरंही तेच. सूर सगळे बरोबर. एकही चुकला नाही. आणि धवला कुठेच नाही. प्रत्येक ओळीनंतर एक भोक, त्यातून टपाल नाक्यावरचे हॉर्न आत येत होते.

पाचव्या ओळीला हौसाआजी उठली. मास्तर थांबले. ती काय कुजबुजते ते ऐकायला सगळं दुकान गप्प झालं.

"धवल्यान गप्प ऱ्हायाचं नसतं," ती म्हणाली. "यो धवला नाय. उद्या डीजे लावा."

मालू तिच्यामागे धावली. गोदूआजीने माझ्याकडे असं पाहिलं की मी जमिनीत जायला तयार होते. रिक्षा निघून गेली. मग मी ओरडले. मास्तर, तुम्ही एवढे पोलिस बँडमधले, आणि तुम्हाला दोन ओळी एकत्र वाजवता येत नाहीत? आठ दिवस मी मरमर केली ती काय यासाठी? भगवानला कुणी सांगितलं वरची ओळ वाजवायला? त्याची खालची! बोलता बोलता माझा आवाज फाटला.

मास्तर शांतपणे क्लॅरिनेटची जीभ पुसत होते. म्हणाले, "तूबाबाय, कागदावर जसं हाय तसं वाजवलं. पयली लाईन, मंग दुसरी लाईन, मंग तिसरी."

"पण त्या जोड्या आहेत!"

"जोरी कुठं हाय? मना दाखव."

मी तावातावाने त्यांच्या बाजूला गेले, बोट उचललं आणि ते बोट तसंच राहिलं. त्यांच्या बाजूने पाहिल्यावर कागदावर जोडी नव्हतीच. दहा ओळी होत्या, सारख्या अंतरावर, एकाखाली एक. माणूस जसं पत्र वाचतो तसं वरून खाली वाचायच्या. जोडीला बांधणारी एक उभी रेघ डावीकडे असते, ती होती ना? नव्हती. अझहरच्या झेरॉक्समध्ये डावी कड कापली जाऊन ती उडाली होती. आणि पोलिस बँडमध्ये प्रत्येकाला आपापला वेगळा कागद मिळतो, एका कागदावर एकाचीच ओळ. दुसऱ्याची ओळ आपल्या कागदावर असू शकते हे त्यांनी पस्तीस वर्षांत पाहिलेलं नव्हतं. जे पाहिलं ते त्यांनी इमानदारीने वाजवलं. ज्या नीटनेटकेपणावर मी खूश होते त्यानेच घात केला होता.

"मास्तर," मी म्हटलं, "माफ करा. गाढव मी आहे."

"ते ऱ्हाऊं दे. दुरुस्त व्हतंय का ते बोल."

दुरुस्त! त्या शब्दासरशी माझ्या अंगात वीज शिरली. लॅपटॉप बरोबरच होता. मोठा ढोल आडवा केला, त्याच्यावर लॅपटॉप ठेवला, सहाही वाजंत्री माझ्या डोक्यावर वाकले. जोडीतलं अंतर नऊवरून साडेपाचवर आणलं. खालची ओळ वर सरकली आणि शब्द पार सुरांत घुसले. मग शब्दच उचलले, वरच्या रेघांच्याही वर नेऊन ठेवले. वाजवणाऱ्याला शब्द दोघींच्या मध्ये हवेत कशाला? मधली जागा मोकळी झाली आणि गोदूआजीची ओळ वरच्या ओळीला जाऊन टेकल्यासारखी दिसायला लागली. आता दुसरा आकडा. जोडीपासून जोडी. नऊ, अकरा, चौदा. पान फुटलं, दोन जोड्या पुढच्या पानावर गेल्या.

"गेली तर जाऊ दे," मी म्हटलं. "दोन पानं चिकटवू."

"आथा कललं!" मास्तर एकदम ओरडले. मांडीवर थाप मारली. "नवरा-नवरीचं पाट लागून, आन वऱ्हार लांब! असं पयलेच बसवायचं ना पोरी!"

"भगवानभाऊ, तुम्ही खालची. मास्तर वरची. मास्तरांचा शेवटचा सूर आणि तुमचा पहिला बघा, एकाखाली एक आहेत. डोळा नुसता खाली टाकायचा."

त्यांनी लॅपटॉपच्या पडद्यावरूनच वाजवायला सुरुवात केली. मास्तरांनी 'खांबाला'चा 'बा' लांबवला, मी दोन वेळा रडले होते तोच, आणि तो संपायच्या आत भगवान खालून वर आला. फट नव्हती! भगवान संपत आला तोच मास्तर परत त्याच्यावर.  बाहेर रस्त्यावर एक भाजीवाली टोपली डोक्यावर तशीच ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "कुनाचं लगीन हाय गो?" मी नाचले. त्या दुकानात, ढोल आणि सनया यांच्या मध्ये, मी खरोखर नाचले, आणि मग फाइल घेऊन अझहरकडे पळत सुटले.

"डावी कड कापलीस तर याद राख," मी त्याला दारातूनच म्हटलं.

"सलाम तरी कर आधी," तो म्हणाला. पण या वेळी प्रत्येक कागद त्याने स्वतः उजेडात धरून पाहिला.

एवढं झालं तरी हौसाआजीने नाही म्हटलं होतं, ते नाहीच होतं. मालूचा फोन आला. हळद धवल्याविनाच लागत होती आणि ती पाटावर बसून रडत होती. आजी कुणाशी बोलत नाही, हरेशने डीजेवाल्याला सांगितलंय. मी तिला एवढंच म्हटलं, बँडला वरातीसाठी बोलावलंय ना, मग आम्ही येणार.

मंगळवारी सकाळी आम्ही पोचलो, तर मांडवाच्या एका बाजूला डीजेचे काळे खोके रचलेले. हौसाआजी खांबाजवळ, पाठ आमच्याकडे. तिच्या शेजारी गोदूआजी, हात मांडीवर, तोंड बंद. मालू पाटावर बसली, समोर कलश. आता लग्नाचा पहिला धवला हवा. हरेशने डीजेवाल्याकडे पाहिलं. मी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी कुणाचीच परवानगी विचारली नाही. दोन पानं चिकटवलेला कागद समोर उभा केला आणि हौसाआजीची ओळ उचलली.

मांडवात चमचे वाजत होते तेही थांबले. हौसाआजीची पाठ हलली नाही. ओळ शेवटाला आली, 'खांबाला' आलं, 'बा' लांबला. भगवानने क्लॅरिनेट ओठाला लावला. आणि त्याने फुंकर मारायच्या आत झील आली. गोदूआजीची. तिने गायचं ठरवलं नव्हतं, मी पैजेवर सांगते. चाळीस वर्षांची सवय होती, ओळीचा शेवट कानावर पडला आणि तोंड उघडलं. भगवान शहाणा माणूस. त्याने क्लॅरिनेट हळूच खाली घेतला.

मास्तरांनी पुढची ओळ तिच्यावर ठेवली. तिने परत धरली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि आवाज जराही हलत नव्हता. तेव्हा हौसाआजी वळली. आधी गोदूआजीकडे पाहिलं, मग क्लॅरिनेटकडे. मग उठली, मास्तरांच्या शेजारी येऊन बसली आणि त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. दाबला की लांबव. उचलला की सोड. तेलाची वाटी कुणाला सापडेना तेव्हा तिने हात दाबूनच धरला, मास्तरांचे गाल फुगले, डोळे बाहेर आले, पण सूर सुटला नाही. वाटी आली, हात उठला. नवरीचं नाव येतं त्या जागी तिचे ओठ हलताना मी पाहिले. "मालू" म्हणाली. आवाज नव्हता, पण शेजारी बसलेल्या मास्तरांनी तो सूर असा काही लावला की पाटावरच्या मालूने दचकून मान वर केली. मी ढसाढसा रडले, ते सांगायला मला लाज नाही. डीजेवाला खोक्यावर बसून जिलेबी खात होता, तोही रडत होता.

पाठवणीचा धवला संपला, मालूची गाडी निघाली, धूळ खाली बसली. मांडवात आम्ही चार-पाच जण उरलो. हौसाआजीने मास्तरांपुढचा कागद उचलला आणि मला जवळ बोलावलं. तिला वाचता येत नाही. तिने वरच्या रेघांवर बोट ठेवलं.

"ही मी?"

"हो आजी."

"आन ही गोदू?"

"हो."

तिचं बोट वरच्या ओळीवरून सरकत शेवटच्या सुरापाशी गेलं. मग खाली उतरलं. तिथे थांबली, डोळे बारीक केले, परत वर गेली, परत खाली.

"हितं मी सरली," ती कुजबुजली. "पन गोदू तं कवाचीच चालू झालेली हाय."

"तुमचा शेवटचा शब्द चालू असतानाच, आजी. म्हणून तर दोघींना इतकं जवळ आणलंय."

तिने कागद आणखी जवळ धरला. गोदूआजीही वाकली होती, दोघींची डोकी एकमेकींना लागलेली.

"मना वाटलेलं," हौसाआजी म्हणाली, "दिवालीलाच सरली मी."

गोदूआजीने पदराने नाक पुसलं. "सरतंस कशाला?" ती म्हणाली. "फुडच्या बुधवारी पारगावला लगीन हाय. मास्तरला इचार, मोकला हाय का."